तीन किलोंची चटई

अंगावर मांस चढवायला पैसा लागतो असं जे म्हणतात ना, त्यांनी डोकं कधी वापरलेलंच नसतं! मी वापरलं. खिशातून एक दमडी न काढता महिन्याभरात सात किलो वजन वाढवायची योजना मी आखली होती आणि आजही छातीवर हात ठेवून सांगतो, योजना पक्की होती. फक्त तिच्यात नातेवाईक धरायचे राहून गेले होते.

आमचं बेट हापाईतलं, म्हणजे भर महासागरातल्या चिमुकल्या बेटांच्या पुंजक्यातलं. दरवर्षी ऑस्ट्रेलियाहून एक ग्लेनिसबाई येतात आणि भोपळ्याच्या शेतावर सात महिने राबायला माणसं निवडून नेतात. बाई इतकी वर्षं येतायत की आमची भाषा मोडकीतोडकी बोलतात, आणि चर्चमध्ये आमच्यापेक्षा मोठ्यांदा गातात. गेल्या वर्षी दोन किडकिडीत पोरं शेतात पोत्याखाली आडवी झाली, तेव्हापासून त्यांनी नियमच काढला. धक्क्यावरच्या काट्यावर उभं राहायचं, पासष्ट किलो भरलं तर पुढे. मग भोपळ्याचं पोतं खांद्यावर घेऊन धक्क्याच्या टोकाला जाऊन परत यायचं. जमलं तर बोटीत, नाही तर घरी!

माझं वजन होतं अठ्ठावन्न. आमच्याकडे अठ्ठावन्न किलो म्हणजे शाळकरी पोर! चर्चमधल्या म्हाताऱ्या माझा दंड चाचपून आईला विचारायच्या, "सगळं ठीक आहे ना गं घरात?" आई बिचारी मान खाली घालायची.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण माझी सिउएनी त्याच शेतावर चालली होती. तिचं नाव पॅकिंगच्या शेडसाठी पक्कं झालं होतं. सात महिने! आणि त्या शेडच्या आसपास कोण? तर बेटाबेटांवरून आलेले, दारातून आडवे होऊन आत शिरणारे बाप्ये! तिनं मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"लिसियाते, मी वाट बघत बसणाऱ्यातली नाही हं. तू येतोयस ना?"

"म्हणजे काय! येतोयच!"

बोलून बसलो!

मोबाइलवर एक अमेरिकन पैलवान सापडला. तो म्हणत होता, दिवसातून सहा वेळा खा, अंडी खा, दूध प्या, मांस खा, आणि वर ही पावडर घ्या. त्या पावडरीची किंमत बघितली आणि मोबाइल पालथा ठेवला. तेवढ्या पैशात आमचं घर दोन महिने चालतं! पण त्या पैलवानाकडे जे नव्हतं ते माझ्याकडे होतं. माझ्याकडे मामा होता!

आमच्यात बहिणीचं पोर म्हणजे मामाच्या घरचा राजा. भाच्यानं मामाच्या दारात जाऊन काय हवं ते उचलावं, आणि मामानं "आणखी काही?" म्हणून विचारावं, अशी रीत. माझ्या फेलेती मामाकडे कोंबड्या होत्या, डुकरं होती, नीरफणसाची तीन झाडं होती. इतकी वर्षं हा हक्क मी वापरलाच नव्हता, म्हणजे किती मूर्ख!

"मामा, अंडी."

"किती देऊ?"

"आहेत तेवढी."

मामानं माझ्याकडे बघितलं, मग कोंबड्यांकडे बघितलं. "घे बाबा," म्हणाला. "माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटी आलास, मी काय बोलणार!"

मग दूध पावडरीच्या दोन रिकाम्या डब्यांत सिमेंट भरलं, मध्ये लोखंडी नळी रोवली आणि वजन तयार! सकाळी ते उचलायचं, दुपारी मामाचे नारळ वाहायचे, आणि मधल्या वेळात खायचं. उकडलेली अंडी, खोबरं, नारळाच्या दुधात शिजवलेले अळूचे कांदे, मामाचं एक डुक्कर. आठवड्याभरानं दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो तर साठ! आरशात दंड फुगवून बघितला. दंडावर काहीतरी हललं, शपथ!

आणि त्याच दिवशी दारात आवाज आला.

"लिसियाते! वास कसला येतोय रे एवढा छान?"

बाबा ताबडतोब मागच्या दारानं बाहेर पडले. मी एक गोष्ट साफ विसरलो होतो. मी जसा मामाच्या घरचा राजा, तशी बाबांची थोरली बहीण आमच्या घरची महाराणी! तिनं मागावं आणि आम्ही द्यावं. 'नाही' हा शब्द आत्यासमोर आमच्या सात पिढ्यांत कुणी उच्चारलेला नाही, आणि बाबा तर तिच्यासोबत एका खोलीतसुद्धा बसत नाहीत, इतका तिचा मान!

कालोलाइने आत्या आत आली म्हणजे घरातला उजेड कमी होतो. ती उंच, रुंद, आणि गालावरची खळी बघून माणूस फसतो. तिनं टोपलीवरचं पान उचललं.

"अगंबाई, अंडी! माझ्या मोसेसेला फार आवडतात."

मोसेसे म्हणजे तिचा मुलगा. एकशेतीस किलो! त्याचं नाव ग्लेनिसबाईंनी काट्यावर न चढवताच लिहून टाकलं होतं.

"घ्या ना आत्या," मी म्हणालो. माझं तोंड हे आपोआप बोलतं.

"आणि हे डुकराचं तंगडं?"

"घ्या ना आत्या."

"आणि ते काय रे, डबे? अय्या, मोसेसेच्या होडीला नांगर नव्हता बघ!"

तिनं एका हातानं माझं सिमेंट उचललं. एका हातानं! मी ते दोन्ही हातांनी, डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन उचलायचो.

त्यानंतरचे तीन आठवडे मी चोरासारखे काढले. अंडी उकडून वाळूत पुरली, तर आत्या खेकडे शोधायला नेमकी तिथेच आली. मांस झाडाला बांधलं, तर आत्याला नीरफणस हवे होते. एकदा मी मामाच्या डुकरांच्या कुंपणात, डुकरांच्या मध्ये बसून, पाठमोरा होऊन डब्यातलं मांस खात होतो, आणि मागून प्रेमळ आवाज आला, "एकटाच बसलायस होय रे?" घास घशातच अडकला!

मी मामाकडून आणायचो आणि आत्या माझ्याकडून न्यायची. मामाच्या कोंबड्या मला बघून पळायला लागल्या. मोसेसे मात्र दिवसेंदिवस तुकतुकीत दिसत होता.

निवडीच्या आदल्या दुपारी दुकानातल्या काट्यावर पुन्हा उभा राहिलो. बासष्ट! तीन किलो कमी. सिउएनी समोरच्या फळीवर बसून माझ्याकडे बघत होती. मी अंगठा वर करून हसलो आणि घरी येऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो.

तेव्हा माझी नजर आढ्याकडे गेली. तिथे चटया होत्या.

आमच्यात चारचौघांत जाताना कमरेला चटई बांधल्याशिवाय जात नाहीत. ग्लेनिसबाईंसमोर, काट्यावर, अगदी बोटीत चढतानासुद्धा कमरेला चटई असणारच, आणि ती सोड असं म्हणण्याइतकं असभ्य कुणी नाही. माझी रोजची चटई हलकी, वीतभर. पण आढ्यावर आणखी एक होती. जाड, जुनी, कडा फाटलेली, छातीपासून गुडघ्यापर्यंत येणारी. मी ती उचलून बघितली. तीन किलोंच्या वरच!

आता ती चटई कसली, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. ती मयताची चटई. घरातलं माणूस गेलं की ती बांधायची, आणि गेलेलं माणूस नात्यानं आपल्यापेक्षा जितकं वरचं, तितकी चटई मोठी आणि फाटकी. मामा गेला तर मला लहानशी चालली असती. एवढी मोठी चटई माझ्या अंगावर फक्त एकाच माणसासाठी चढू शकत होती. ते माणूस म्हणजे आत्या!

पण मी काय वेडा होतो का ती तशीच बांधायला? ती चौपदरी घडी घालून आत बांधायची आणि वरून रोजची छानशी चटई. कोणाला दिसणार? मी म्हटलं ना, डोकं वापरलं!

सकाळी धक्क्यावर सगळा गाव लोटला होता. चटईच्या घडीनं माझं पोट ताशासारखं ताणलेलं, श्वास अर्धाच येत होता. फेलेती मामा रांगेच्या कडेला उभा होता, त्याच्या पलीकडे मोसेसे एक अख्खा नारळ सोलून खात होता. सिउएनी पोत्यांवर बसली होती. ग्लेनिसबाईंनी हाक मारली, "लिसियाते!"

चढलो. काटा थरथरला, चौसष्टपाशी थबकला, आणि मग हळूच पुढे सरकला.

"पासष्ट!" बाई म्हणाल्या. "शाबास! खाल्लंस तू बरंच!"

मी सुटकेचा श्वास घेतला. पूर्ण, पोटातून, महिन्याभराचा. तिथेच चुकलो!

दोरी तटकन तुटली. वरची चटई घसरून घोट्यांशी पडली, आणि आतली मी घाईघाईनं छातीशी धरली, तर ती घडी सुटून छातीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्या गावासमोर उलगडली.

बायकांनी तोंडावर हात ठेवले. मामानं डोक्यावरची टोपी काढली.

"कालोलाइने?" तो कुजबुजला. "कधी रे?"

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं सरळ, कुणी गेलं नाही म्हणून. अहो, मग पुढचा प्रश्न काय येणार? मग ही चटई कशाला बांधलीस! सिउएनीसमोर, बाईंसमोर, काट्यावर उभं राहून मी काय उत्तर देणार होतो? आणि आमच्याकडे असं गप्प उभं राहिलेल्या माणसाला कुणी पुन्हा विचारत नाही. त्याचं दुःख समजून घेतात.

"बिचाऱ्याला बोलवेना!" मामाचे डोळे भरून आले. "मी मोठं डुक्कर कापतो!" आणि तो गावाकडे पळत सुटला.

"मामा! अरे थांब!" मी ओरडलो, पण माझा आवाज बुडाला, कारण मोसेसेनं नारळ टाकून हंबरडा फोडला होता.

"आई गं! सकाळी तर केवढ्या शिव्या घातल्यास मला! ऊठ रे आळशी रेड्या, हे शेवटचं बोललीस गं!"

तो थेट काट्यावर आला आणि मला मिठी मारली. काटा गर्रकन फिरून टोकाला आपटला.

"मोसेसे, ऐक," मी त्याच्या काखेतून म्हणालो. "तसं काही..."

"तू तिला रोज अंडी द्यायचास!" तो रडत होता. "ती म्हणायची, लिसियातेसारखा भाचा नाही!"

तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. मामानं जाता जाता घंटेवाल्यालाही सांगितलं होतं! आणि घंटेपाठोपाठ गावातून डुकराची किंकाळी आली.

ग्लेनिसबाई डोळे पुसत जवळ आल्या. त्यांना आमचे सगळे रीतिरिवाज पाठ. "लिसियाते, तू भला मुलगा. असं दुःख, तरी आलास. पण आत्याच्या मयताला भाचा पाहिजे. लाकडं आणायची, भट्टी पेटवायची, दहा दिवस सगळ्यांचा स्वयंपाक तूच. बोट तर उद्या. मी तुला कशी नेऊ? पाप लागेल मला." आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

माझी अवस्था बघा! आत्या मेली असेल तर मला बोटीत जागा नाही. आत्या जिवंत असेल तर मी चोर! घामानं चटई भिजली. सिउएनी पोत्यांवरून उठून माझ्या जवळ आली आणि तिनं हळूच माझा हात धरला, "किती सोसतोयस रे," म्हणाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाई," मी तोंड उघडलं. "खरं सांगायचं तर..."

"कोण गेलं गं बाई? कोण गेलं?"

तो आवाज! गर्दी दुभंगली. कालोलाइने आत्या काळे कपडे घालून, ऊर बडवत, रडत धक्क्यावर येत होती. घंटा ऐकून आली होती बिचारी. कोण गेलं हे ठाऊक नसल्यामुळे तिनं अंदाजानं मध्यम आकाराची चटई बांधली होती.

एक म्हातारी किंचाळली. मोसेसेनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसला.

"अरे बोला की मेल्यांनो! कुणाचं..." आणि आत्याची नजर माझ्यावर आली. चटईच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत गेली. पुन्हा वर आली. आमच्या गावात चटई वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही.

तिचं रडणं थांबलं.

"ही माझी का रे?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. कोणत्या दिशेनं, ते मलाच ठाऊक नाही.

"सोड ती."

मी सोडली. ग्लेनिसबाईंनी काट्याकडे बघितलं. बासष्ट! त्यांचा चेहरा पडला. "ओ, लिसियाते!" एवढंच म्हणाल्या. सिउएनीनं माझा हात सोडला. त्याक्षणी माझ्यासाठी खरंच कुणीतरी चटई बांधायला हवी होती.

आत्या काट्यापाशी आली. मी डोळे मिटून घेतले, आता कानाखाली बसणार म्हणून. पण तिनं बाईंकडे तोंड केलं.

"किती कमी आहे?"

"तीन किलो," बाई म्हणाल्या.

"ते तीन किलो माझ्याकडे आहेत." आत्यानं स्वतःच्या पोटावर थाप मारली. "महिनाभर या पोराच्या तोंडचा घास मी खाल्ला. अंडी म्हणू नका, तंगडं म्हणू नका! त्यानं एकदा 'नाही' म्हटलं नाही. पोर खोटारडं आहे, पण लाखात एक आहे. घ्या त्याला!"

खरं सांगतो, मला रडूच कोसळलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आत्या आवडली.

"पण पोतं?" बाई अवघडून म्हणाल्या. "नियम आहे. पोतं उचलता आलं पाहिजे."

"उचलेल की! उचल रे!"

मी डोळे पुसले, पोत्याला मिठी मारली, सिउएनीकडे बघितलं आणि सगळा जीव लावला. पोतं उठलं! गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, खांद्यावर चढलं. गाव ओरडायला लागला. दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला माझी विजार कमरेवरून निघाली, कारण तिला धरून ठेवणारी दोरी मघाच तुटलेली! एका हातानं विजार धरायला गेलो, आणि पोतं धप्पकन खाली.

"एवढं काय भरलंय त्यात?" आत्या वैतागून म्हणाली. "बाजूला हो. असं धरायचं असतं. बघ!"

आणि तिनं ते पोतं उशी उचलावी तसं उचलून खांद्यावर टाकलं. धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. तिथे कोळ्याच्या बायकोशी दोन शब्द बोलली, पोतं खांद्यावर असतानाच! मग परत आली. "आलं का लक्षात?" तिनं मला विचारलं. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

माझ्या लक्षात आलं होतं. पण मला ग्लेनिसबाईंच्या चेहऱ्याची भीती वाटत होती, कारण त्या आत्याकडे अशा बघत होत्या, जसा मामा पहिलं बक्षीस मिळवलेल्या डुकराकडे बघतो.

"कालोलाइने," बाई म्हणाल्या, "तुमचा पासपोर्ट आहे?"

"आहे की! मागं न्यूझीलंडला भावाकडे गेले होते. का?"

बाईंनी सांगितलं. आत्यानं समुद्राकडे बघितलं, बोटीकडे बघितलं, मोसेसेकडे बघितलं. तिच्या गालावर ती खळी पडली.

"जागा एकच उरलीय म्हणतात या," ती माझ्याकडे वळून म्हणाली, अगदी मायेनं. "तुझी होती ना रे?"

मी सिउएनीकडे बघितलं. सिउएनी माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांनी सांगत होती, नाही म्हण! एकदाच, आयुष्यात एकदा! मी तोंड उघडलं. मी खरोखर तोच शब्द म्हणायला निघालो होतो, देवाशपथ.

"घ्या ना आत्या," माझं तोंड म्हणालं.

मामाचं मोठं डुक्कर कापून झालंच होतं, तेव्हा संध्याकाळी त्याचीच निरोपाची मेजवानी झाली. आत्या भरपूर जेवली. "आपल्या मयताचं जेवण आपणच जेवायला भाग्य लागतं," म्हणाली, आणि तंगडं मोसेसेच्या पानात वाढलं.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. सिउएनी कठड्याशी उभी होती, आणि तिच्या खांद्यावर आत्याचा जाडजूड हात होता. मी धक्क्यावरून रुमाल हलवत होतो.

"लिसियाते!" आत्या इंजिनाच्या वरताण ओरडली. "सिउएनीची काळजी करू नकोस! तिला मी एकटीला कुठे सोडायची नाही, आणि कुणा पोराला जवळ फिरकू द्यायची नाही! माझ्या डुकरांना दोन वेळा खायला घाल!"

"घालतो आत्या!"

बोट वळली. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"आणि तूही खात जा रे काहीतरी! नुसता सापळा झालायस!"